बार्शी लाईट रेल्वे : अडीच फुटी रुळांची वाटचाल

पार्श्वभूमी

१८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे, म्हणजे जीआयपीचे, रूळ पुण्याकडून सोलापूरला पोहोचले. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि आपले नगर शहर रेल्वेने जोडले गेले. या दोन्ही मार्गांच्या पूर्वेकडचा मुलूख मात्र बैलगाडीवरच राहिला. जामखेड, खर्डा, भूम, परांडा, बार्शी, येडशी असा हा पट्टा. बालाघाटच्या डोंगररांगा, मध्ये काळी जमीन आणि दर काही वर्षांनी फिरून येणारा दुष्काळ.

या पट्ट्याची मोठी पेठ बार्शी. बालाघाटावरचा आणि निजामाच्या मुलखातला कापूस, गळिताची धान्ये आणि भुसार माल गाड्या भरभरून बार्शीला येत असे. तिथून मुंबईला जायचे तर आधी रेल्वे स्टेशन गाठायला हवे, आणि स्टेशन होते सुमारे २१ मैलांवर, कुर्डुवाडीला. त्याचे नावच ‘बार्शी रोड’ पडले होते. पावसाळ्यात काळ्या चिखलात चाके रुतली की हे २१ मैल पुढच्या मुंबईच्या प्रवासापेक्षा जड जात. मालाची किंमत मुंबईत ठरे, आणि तो मुंबईला नेण्याच्या खर्चाचा मोठा वाटा या वाटेवरच खर्ची पडे.

जीआयपीच्या रुळांमधले अंतर साडेपाच फूट. त्या मापाचे रूळ, भराव आणि पूल बार्शीसारख्या गावासाठी बांधणे परवडणारे नव्हते. त्यामुळे बार्शीला रेल्वे हवी हे सर्वांना पटत असूनही ती येत नव्हती. ही कोंडी एका इंजिनिअरने फोडली आणि त्यातून ‘बार्शी लाईट रेल्वे’ ही संस्था उभी राहिली. तिचा इतिहास या स्मरणिकेत सविस्तर नोंदवण्याचे कारण असे, की प्रदेशाची गरज आणि प्रदेशाची ऐपत यांचा मेळ घालून रेल्वे कशी बांधावी, याचा तो उत्तम धडा आहे. त्या धड्याच्या खुणा आजही जमिनीवर उभ्या आहेत आणि त्या जपण्याचे काम आपल्या पिढीकडे आले आहे.

संस्थापक आणि स्थापना

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप यांचा जन्म १८५७ चा. इंग्लंडमध्ये इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारी करून ते १८८२ मध्ये जीआयपीत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून भारतात आले. नोकरी करता करता त्यांनी या भागातल्या वाहतुकीचा अभ्यास केला. बार्शीला रेल्वे द्यायची तर ती छोट्या मापाची हवी, पण छोटी म्हणजे दुबळी नको, हे त्यांचे ठाम मत झाले. त्या काळी अरुंद रुळांची रेल्वे म्हणजे खाणीतली किंवा मळ्यातली ढकलगाडी असाच समज होता. कॅलथ्रॉप यांना तो खोडून काढायचा होता.

त्यासाठी त्यांना कित्येक वर्षे खटपट करावी लागली. अखेर १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनीची नोंदणी झाली आणि भारतमंत्र्यांशी करार झाला. रुळांमधले अंतर ठरले २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर. जीआयपीच्या मापाच्या निम्म्याहूनही कमी.

पाच टनांचा नियम

कॅलथ्रॉप यांचे खरे कर्तृत्व मापात नाही, वजनाच्या हिशोबात आहे. रेल्वेत रूळ किती जाड हवा हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही. एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, किती भार येतो यावर ते ठरते. साधारणपणे इंजिन सर्वांत जड असते, म्हणून सगळा रूळ इंजिनाचा आस पेलेल इतका जाड टाकावा लागतो. डबे त्या मानाने हलके असतात. म्हणजे रुळाची बरीचशी ताकद, आणि त्यावर घातलेला पैसा, गाडीचा बहुतेक भाग जात असताना वायाच जातो.

कॅलथ्रॉप यांनी नियम घातला, की इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये, आणि भरलेल्या मालडब्याचा आसही त्या पाच टनांच्या जवळ यावा. जड पोते एकाने पाठीवर घेण्याऐवजी चौघांनी चार कोपऱ्यांना धरावे, तसा हा प्रकार. या नियमामुळे दर यार्डाला फक्त ३० पौंड वजनाचा हलका रूळ पुरला. रूळ हलका म्हणून पूल हलके, भराव कमी, आणि एकूण खर्च आवाक्यात.

या नियमाला धरून लीड्सच्या किटसन कंपनीने इंजिने घडवली. एकमेकांना जोडलेली आठ चाके गाडी ओढायला आणि त्यांच्यामागे भार वाटून घ्यायला आणखी चार चाके, असे सहा आस. लीड्स फोर्ज कंपनीने पोलादी पत्रे दाबून बनवलेल्या सांगाड्यांचे डबे तयार केले. प्रत्येक डबा दोन बोगींवर, म्हणजे चार आसांवर. म्हणून तो लांब करता आला, वळणावर सहज वळू लागला आणि मालासकट वीस टनांपर्यंत भरता आला. ढकलगाडीच्या मापाच्या रुळावर वीस टनांचा डबा चालतो, हे त्या काळच्या रेल्वेवाल्यांना ऐकून खरे वाटत नसे.

म्हणून कॅलथ्रॉप यांनी ते करून दाखवले. १८९६ मध्ये लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम रूळ टाकला, त्यात तीव्र वळणे आणि चढ ठेवले, आणि भारतात पाठवण्याआधी इंजिन आणि डबे त्यावर चालवले. इंजिनिअर मंडळींना बोलावून हा प्रयोग पाहायला लावला. जगातल्या अरुंद रुळांच्या रेल्वेच्या इतिहासात या चाचणीचे नाव आदराने घेतले जाते. तो रूळ परदेशात टाकलेला असला तरी गाडी बार्शीची होती.

पहिली गाडी आणि विस्तार

मार्च १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा वाहतुकीस खुला झाला. काळ मोठा कठीण होता. १८९६-९७ च्या दुष्काळाने सोलापूर आणि नगर हे दोन्ही जिल्हे होरपळत होते. अशा वेळी धान्य आत आणण्याचा आणि माल बाहेर नेण्याचा पक्का मार्ग हाताशी आला.

पुढची तीस वर्षे संस्था टप्प्याटप्प्याने वाढली. बार्शीच्या पुढे बालाघाट चढून येडशीकडे आणि तिथून तडवळ्याकडे रूळ गेले. दुसऱ्या दिशेने १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूर जोडले गेले. १९११ मध्ये गाडी लातूरला पोहोचली. १९२७ मध्ये पंढरपूरहून सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठेमहांकाळमार्गे ती मिरजेला भिडली. मिरज ते लातूर अशी ही २०२ मैलांची, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटरची सलग रेल्वे झाली. कॅलथ्रॉप १९२७ मध्येच वारले. त्यांनी २१ मैलांवर सुरू केलेले काम त्याच वर्षी शेवटच्या टोकाला पोहोचले होते.

या ३२५ किलोमीटरांत राज्ये किती बदलत हे पाहण्यासारखे आहे. बार्शी आणि पंढरपूर इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात. मिरजेकडे संस्थानी मुलूख, आणि जत रोड हे जत संस्थानाचे स्टेशन. कायदे, जकाती आणि कचेऱ्या बदलत, पण तिकीट एकाच रेल्वेचे चाले. मराठी माणसांचा हा तुकड्यातुकड्यांत विभागलेला प्रदेश राज्यपुनर्रचनेच्या कितीतरी आधी या रुळांनी एकत्र शिवला होता.

पेठा, वारी आणि माणसे

बार्शी लाईटने गावांचे नशीब बदलले याचे सर्वांत ठळक उदाहरण लातूर. १९११ मध्ये रेल्वे आली. लातूरची ओळख बनलेली गंजगोलाई १९१७ ची. मराठवाड्यातला शेतमाल लातुरात उतरू लागला, तिथून कुर्डुवाडीमार्गे मुंबईच्या बाजारात जाऊ लागला आणि लातूरचा आडत बाजार वाढत गेला. बार्शीच्या कापड गिरण्यांनाही याच रुळाचा आधार होता.

या वाहतुकीत सर्वांत राबते ठिकाण म्हणजे कुर्डुवाडी जंक्शन. मोठ्या रुळाची गाडी इथे थांबे आणि छोट्या रुळाची गाडी शेजारी उभी असे. रुळांची मापे वेगळी, त्यामुळे डबा सरळ पुढे जाऊ शकत नसे. कापसाची प्रत्येक गासडी, धान्याचे प्रत्येक पोते एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात भरावे लागे. छोट्या रुळामुळे बांधकामात जे वाचले त्यातले काही या चढ-उतारात रोजच्या रोज जाई. ही या व्यवस्थेची मोठी अडचण होती आणि पुढे रुंदीकरणाची मागणी झाली ती मुख्यतः हिच्यामुळे. पण याच चढ-उतारावर शेकडो हमालांची घरे चालली. रेल्वेचा कारखानाही कुर्डुवाडीतच उभा राहिला. फिटर, लोहार, सुतार, खलाशी, गँगमन अशी रेल्वेवर जगणारी वस्ती तिथे वाढली आणि एका लहान खेड्याचे रेल्वेगाव झाले.

पंढरपूरची गाडी ही या रेल्वेची वेगळी ओळख. वारकऱ्याची वारी पायीच, पण परतीची घाई साऱ्यांनाच असते. वाट पायाखाली तुडवून आलेल्याला लवकर शेत गाठायचे असते, म्हाताऱ्या माणसांना उलट पायी जाणे झेपत नाही, आणि ज्यांना दिंडीबरोबर निघणे जमले नाही त्यांना एकादशीच्या आत चंद्रभागेत स्नान करायचे असते. आषाढी-कार्तिकीला कुर्डुवाडीच्या फलाटावर मोठ्या गाडीतून उतरलेली माणसे छोट्या गाडीकडे धावत. डबे भरले की टपावर चढत. आपल्या नगर जिल्ह्यातले भाविकही दौंड-कुर्डुवाडी करत याच गाडीने पंढरपूरला जात. टाळ, पताका, डोक्यावर तुळशीचे वृंदावन, शेजारी कोंबड्यांची डालगी आणि गुळाच्या ढेपा, सगळे एकाच डब्यात.

गाडीचा वेग बेताचाच. पण ती वाटेतल्या लहान गावांतही थांबे आणि पावसाळ्यात वाटा बंद झाल्या तरी चाले. बाजाराला, शाळेला, दवाखान्याला आणि कोर्टाच्या तारखेला जाणाऱ्या माणसाला याहून जास्त काही नको होते.

सरकारीकरण आणि रुंदीकरण

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये भारत सरकारने कंपनी विकत घेतली. लंडनमध्ये नोंदलेली ही संस्था संपली आणि रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. ५९ वर्षांचे कंपनीचे आयुष्य संपले तरी लोकांच्या तोंडी ‘बार्शी लाईट’ हेच नाव राहिले. पुढे वाफेची इंजिने गेली आणि डिझेल इंजिने आली, पण मार्ग तोच, माप तेच.

काळ मात्र बदलला होता. रस्ते झाले, एसटी गावोगाव पोहोचली, ट्रक वाढले. कुर्डुवाडीत माल उतरवून पुन्हा भरण्यापेक्षा तो ट्रकने थेट नेणे व्यापाऱ्यांना परवडू लागले. ब्रॉडगेजची, म्हणजे साडेपाच फुटी रुळांची, मागणी न्याय्यच होती. कुर्डुवाडी-पंढरपूर टप्पा आधी रुंद झाला. सप्टेंबर २००७ मध्ये लातूर ते उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि ऑक्टोबर २००८ मध्ये उस्मानाबाद ते कुर्डुवाडी हे टप्पे सुरू झाले. मग पंढरपूर-मिरज मार्गही बदलला. २०११ पर्यंत मिरज ते लातूर हा सगळा मार्ग साडेपाच फुटी झाला होता.

या मार्गाचे मोल एप्रिल २०१६ मध्ये पुन्हा दिसले. लातूर पाण्यावाचून तडफडत होते. तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी लातूरला धावली. पहिल्या खेपेला दहा टँकर डबे आणि पाच लाख लिटर पाणी. नंतर कित्येक आठवडे या खेपा सुरू राहिल्या. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर हा तिचा मार्ग म्हणजे बहुतांशी बार्शी लाईटचाच मार्ग. दुष्काळाच्या वर्षी सुरू झालेली रेल्वे शंभराहून अधिक वर्षांनी पुन्हा दुष्काळाच्याच कामी आली.

रेल्वे मिळायला किती काळ लागतो हे आपल्यालाही ठाऊक आहे. नगर-बीड-परळी मार्गाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली आणि नगरहून आष्टीपर्यंतची ६६ किलोमीटरची गाडी सुरू व्हायला सप्टेंबर २०२२ उजाडले. जामखेडला तर अजून रेल्वे नाही. परवडेल अशा मापात लवकर सुरुवात करणे म्हणजे काय, हे बार्शीने १८९७ मध्ये दाखवले होते.

लोकांनी वाचवलेल्या रेल्वे

रुंदीकरणाबद्दल तक्रार नाही. पण रुंदीकरण होताना जुन्या रेल्वेची निशाणी म्हणून पाच-दहा किलोमीटरचा तुकडा, दोन-चार डबे आणि एखादे इंजिन मूळ जागी चालते ठेवावे, असे कुणी नेटाने धरून बसले नाही. इतरत्र माणसे तसे धरून बसली, आणि ती सरकारी माणसे नव्हती.

वेल्समध्ये तालिथलिन नावाची १८६५ ची छोटी रेल्वे आहे, दगडी पाट्यांच्या खाणीसाठी बांधलेली. तिचे मालक सर हेन्री हेडन जोन्स १९५० मध्ये वारले आणि ती बंद पडणार हे उघड झाले. एल. टी. सी. रोल्ट या लेखकाने ऑक्टोबर १९५० मध्ये बर्मिंगहॅमला सभा बोलावली आणि रेल्वे जपणारी संस्था स्थापन झाली. १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांनी पहिली गाडी चालवली. स्वयंसेवकांनी चालवलेली ही जगातली पहिली रेल्वे. रूळ गवतात बुडालेले, स्लीपर कुजलेले, इंजिने थकलेली. जवळच बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिने त्यांनी प्रत्येकी पंचवीस पौंडांना विकत घेतली आणि कामाला लावली. कुणी कारकून, कुणी शिक्षक, कुणी विद्यार्थी. सुटीच्या दिवशी येऊन स्लीपर बदलायचे, तिकिटे द्यायची, कोळसा टाकायचा. ती रेल्वे आजही चालू आहे. वेल्समधलीच वेल्शपूल-लानवेअर रेल्वे तर बार्शीच्याच मापाची, अडीच फुटी. १९५६ मध्ये बंद झालेली ही रेल्वे स्वयंसेवकांनी १९६३ मध्ये पुन्हा सुरू केली.

आपल्याकडे नेरळ-माथेरानची १९०७ ची छोटी गाडी मध्य रेल्वे चालवते, आणि तिच्या डब्यांची कामे कुर्डुवाडीच्या कारखान्यात झाली आहेत. नागपूरला मोतीबाग येथे २००२ पासून अरुंद रुळांच्या रेल्वेचे संग्रहालय आहे. विदर्भातली शकुंतला रेल्वे बंद पडली तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून तिथल्या नागरिकांनी आंदोलने केली. म्हणजे आपल्या लोकांत आस्था आहे. त्या आस्थेला वर्षभर चालणाऱ्या कामाची जोड हवी.

पुढचे काम

कॅलथ्रॉप यांनी इंग्लंडमध्येही बार्शीच्याच मापाची एक रेल्वे उभारली होती. तिचे नाव लीक अँड मॅनिफोल्ड. तिची इंजिने किटसनचीच, बार्शीच्या अनुभवावर घडवलेली. १९०४ मध्ये ती सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. तिचे रूळ उचलले गेले, पण वाट मोडली नाही. १९३७ मध्ये ती चालणाऱ्यांसाठी पायवाट म्हणून खुली झाली आणि आजही लोक तिच्यावरून चालतात. रूळ नसले तरी भराव, वळणे, पूल आणि बोगदा पाहून ती रेल्वे समजते.

बार्शी लाईटला हाच मार्ग खुला आहे. रुंदीकरणात बार्शी आणि येडशीच्या दरम्यान मार्ग वळवून धाराशिव शहराजवळून नेला गेला. त्यामुळे रामलिंगाजवळच्या बालाघाटातली जुनी घाटवाट बाजूला पडली. हा भाग येडशी-रामलिंग घाट अभयारण्याच्या परिसरात येतो. म्हणून रेल्वे आणि वन विभाग या दोघांच्या परवानगीशिवाय तिथे काही करता येणार नाही, आणि करूही नये. पण परवानगी मागण्याआधी आपल्या हाती पक्की माहिती हवी. जुन्या वाटेची मोजणी, पूल आणि मोऱ्यांची यादी, मैलाचे दगड, घाटातली वळणे, उरलेल्या स्टेशनइमारती, या सगळ्यांची छायाचित्रांसह नोंद करणे हे पहिले काम. त्याला पैसा फारसा लागत नाही, नेमाने येणारी माणसे लागतात.

दुसरे काम माणसांचे. छोट्या रुळावर काम केलेले स्टेशनमास्तर, गार्ड, चालक, गँगमन आणि कुर्डुवाडीत माल चढवणारे हमाल आजही आपल्यात आहेत. घाट चढताना वाळू कधी सोडायची, आषाढीच्या गर्दीत गाडी कशी हाकायची, पावसात कोणता भराव आधी खचतो, हे ज्ञान त्यांच्या बोलण्यातच आहे. ते ध्वनिमुद्रित करून ठेवले पाहिजे. घराघरांतली तिकिटे, कंदील, बिल्ले, वेळापत्रके आणि फोटो यांचीही यादी व्हावी. वस्तू घरातच राहोत, नोंद मात्र एका ठिकाणी असावी.

नगर, सोलापूर, धाराशिव, लातूर आणि सांगली या पाच जिल्ह्यांतल्या रेल्वेप्रेमींनी, शाळांनी आणि महाविद्यालयांनी हे काम वाटून घ्यावे. सोलापुरात कुर्डुवाडी-बार्शी-पंढरपूर, धाराशिवात घाटवाट, लातुरात बाजाराचा इतिहास, सांगलीत मिरज-ढालगावचा भाग आणि नगरकरांनी दौंडमार्गे जाणाऱ्या वारकऱ्यांच्या आठवणी घ्याव्यात. तालिथलिनच्या मंडळींनी सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडे कुजलेले स्लीपर आणि सुटीचे दिवस एवढेच होते. आपल्याकडे नोंदवही, कॅमेरा, मोजपट्टी आणि या रेल्वेवर जीव असलेली माणसे आहेत. घाटवाटेची मोजणी या हिवाळ्यातच सुरू व्हावी, कारण जुन्या मोऱ्यांचे दगड आणि जुन्या माणसांच्या आठवणी या दोन्ही गोष्टी दरवर्षी कमी होत चालल्या आहेत.